‘निरंक’ अहवालांचे सरकार



सरकारी दफ्तरात ‘निरंक’ हा एक फार सोयीचा शब्द आहे. वरिष्ठ कचेरीतून एखादी माहिती मागविली गेली आणि ती देणे खालच्या कचेरीस अडचणीचे वाटले, म्हणजे त्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले जाते. रकाना भरतो, कागद वर जातो आणि प्रश्न मिटला असे सर्वजण समजून चालतात. हाताने मैला उचलण्याची प्रथा नष्ट करण्याविषयी सरकार आज जी प्रगती सांगत आहे, ती बहुतांशी या एका शब्दाच्या पायावर उभी आहे.

२०२४ साली केंद्र सरकारने संसदेस सांगितले की, देशातील ७६६ जिल्ह्यांपैकी ७३२ जिल्ह्यांनी आपल्या हद्दीत ही प्रथा उरलेली नाही असे कळविले आहे. त्याच वर्षी, त्याच सरकारने, त्याच संसदेस असेही सांगितले की, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मृत्युमुखी पडली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रथा गेली असेल तर ही माणसे कोणत्या कामावर असताना मेली? आणि माणसे मेली असतील तर ‘निरंक’ लिहिणारा हात कोणाचा?

तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील की, आम्ही धम्म स्वीकारला, आमच्या घरात खराटा नाही, आमच्या मुलांच्या हाती पुस्तक आहे. मग हा विषय आमच्यापुढे कशासाठी? त्याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. २०१३ व २०१८ च्या पाहण्यांत मिळून हाताने मैला उचलणारी ५८,०९८ माणसे देशात आढळली. त्यांपैकी ६,३२५ आपल्या महाराष्ट्रातील होती. ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद उपलब्ध होती, त्यांत ४२,५९४ अनुसूचित जातींचे निघाले, असे डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले. म्हणजे शंभरात सत्त्याण्णव! पुढे गटारे व टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी सुरू झाली. २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८,००० जणांत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा ६८ च्या वर निघाले. अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग मिळविले तर ते शेकडा ९१ च्याही वर गेले. जन्मावरून धंदा ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली. ती व्यवस्था गटाराच्या तोंडाशी आजही जिवंत असेल, तर तो विषय आपलाच आहे. शिवाय, जे सरकार माणसाच्या मरणाविषयी ‘निरंक’ लिहून सुटू शकते, ते तुमच्या शिष्यवृत्तीविषयी, तुमच्या जमिनीविषयी आणि तुमच्या दाखल्याविषयीही तसेच लिहून सुटेल. म्हणून सरकारच्या वचनांचा हिशेब कसा मागावा, हे या एका प्रकरणावरून शिकून घेतले पाहिजे.

वचनांची वंशावळ

ही वचने आजची नाहीत. १९४९ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५२ साली तिचा अहवाल आला आणि १९५५ साली केंद्रीय गृहखात्याने त्यातील शिफारशी सर्व राज्यांकडे धाडल्या. डोक्यावरून मैला वाहणे बंद करावे, ही त्या शिफारशींतील मुख्य गोष्ट. १९५७ साली मलकानी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६० मध्ये तयार झाला. १९६८ मध्ये पंड्या समिती नेमली गेली. समित्या बदलल्या, छापखाना बदलला. शिफारस मात्र तीच राहिली आणि टोपलीही तीच राहिली.

दरम्यान कायद्याच्या पुस्तकात शब्दांची वाण नव्हती. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झालेली आहे. २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी आहे. १९५५ चा अस्पृश्यताविषयक कायदा १९७६ मध्ये दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास मैला उचलण्यास वा झाडण्यास भाग पाडणे हा त्याने गुन्हा ठरविला. १९९२ साली सफाई कामगारांच्या मुक्ततेची व पुनर्वसनाची राष्ट्रीय योजना निघाली. तिच्याविषयी भारताच्या महालेखापरीक्षकांनी २००३ साली लिहिले की, दहा वर्षे उलटून व सहाशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम खर्ची पडूनही योजनेची उद्दिष्टे साध्य झालेली नाहीत.

१९९३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. परंतु तो कायदा अंमलात आला २६ जानेवारी १९९७ रोजी, आणि तोही आरंभी केंद्रशासित प्रदेश व सहा राज्यांपुरता. महाराष्ट्र व गोवा ही राज्ये त्या सहांत होती, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. देशाच्या राजधानीने तो कायदा स्वीकारण्यास २०१० साल उजाडले. मग २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा झाला आणि तो ६ डिसेंबर २०१३ या दिवशी अंमलात आणण्यात आला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस निवडण्याइतकी जाण सरकारला होती. त्या दिवसाचे ऋण फेडण्याइतकी होती काय, हे पुढे पाहावयाचे आहे.

मुदतीची मुदतवाढ

आता सरकारने स्वतः जाहीर केलेल्या मुदती मोजा. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ठरले की, २००७ अखेर ही प्रथा समूळ नष्ट होईल. ती नष्ट झाली नाही. पुनर्वसनाच्या नव्या योजनेस मार्च २००९ ही मुदत घातली गेली. ती मार्च २०१० पर्यंत वाढविण्यात आली. जून २०११ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यांच्या मंत्र्यांना आवाहन केले की, येत्या सहा महिन्यांत ही प्रथा संपविण्याचा निर्धार करा. ते सहा महिने गेले आणि ते सरकारही गेले. १९ नोव्हेंबर २०२० रोजी पुढच्या सरकारने २४३ शहरांची स्पर्धा लावली आणि ३० एप्रिल २०२१ पर्यंत सर्व गटारे व टाक्या यंत्राने साफ होतील अशी शपथ वाहिली गेली. तीही तारीख उलटली. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्र्यांनी सांगितले की, सर्व शहरांत हे काम शंभर टक्के यंत्राने होईल अशी तजवीज केली जाईल. या वेळी भाषणात तारीख घालण्याचे कष्टच घेतले गेले नाहीत.

येथे पक्षाचा प्रश्न नाही. काँग्रेसची राजवट असो वा भारतीय जनता पक्षाची, मुदत चुकविण्याच्या बाबतीत दोघांचेही आचरण एकसारखे आहे. न्यायालयात एखादा ऋणको सहा वेळा मुदत मागून सहाही वेळा पैसे भरत नसेल, तर सातव्या वेळी न्यायाधीश त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याच्या मालमत्तेकडे पाहतो. सरकारविषयी मात्र आम्ही सातव्या वेळीही टाळ्या वाजवितो. हे थांबले पाहिजे.

एक प्रेत, दोन वह्या

‘निरंक’ लिहिणे शक्य होते ते कसे, हे नीट समजून घ्या. कारण ही करामत कायद्याच्या व्याख्येत दडलेली आहे. २०१३ च्या कायद्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक, संडास, उघडे गटार वा खड्डा यांतील मैला हाताने उचलणे वा हाताळणे. दुसरी, संरक्षक साधने न देता आणि इतर दक्षता न घेता गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरविणे. हिला कायद्याने ‘धोकादायक सफाई’ म्हटले आहे. दोन्ही निषिद्ध आहेत. पाचव्या कलमाने पहिलीस बंदी आहे, सातव्या कलमाने दुसरीस. आणि दुसरीची शिक्षा पहिलीहून अधिक आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे.

म्हणजे कायदेमंडळाने दोन कलमे लिहिली ती माणसाचे दोन बाजूंनी रक्षण व्हावे म्हणून. सरकारने त्या दोन कलमांच्या दोन वह्या केल्या. पहिल्या वहीवर लिहिले, ‘हाताने मैला उचलण्यामुळे झालेले मृत्यू’, आणि आत ‘निरंक’. दुसऱ्या वहीवर लिहिले, ‘धोकादायक सफाई करताना झालेले मृत्यू’, आणि आत शेकडो नावे. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर मिळाले ते पहिल्या वहीतून: मैला उचलण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. देशभर संताप झाला, तेव्हा दुसरी वही दाखविण्यात आली. मेलेला मनुष्य एकच. त्याच्या नाकातोंडात गेलेला मैला तोच. पण एका वहीत तो मेलेला नाही आणि दुसऱ्या वहीत मेलेला आहे! वकिलीच्या धंद्यात शब्दांची अशी कसरत आम्ही पुष्कळ पाहतो. ती आरोपीच्या बचावासाठी केलेली असते. सरकार येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलत आहे, हे त्याच्या भाषेवरूनच सिद्ध होते.

जे झाले ते झाले म्हणा

मी अन्याय करू इच्छित नाही. जे झाले आहे ते झाले आहे असे म्हटलेच पाहिजे. टोपलीचे संडास आपल्या शहरांतून फार मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. रेल्वेच्या डब्यांना जैविक संडास बसविले गेल्याने रुळांवरचा मैला पुष्कळ कमी झाला. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात कोट्यवधी संडास बांधले गेले. ओळख पटलेल्या माणसांस एकरकमी चाळीस हजार रुपये दिले गेले. हे सर्व खरे आहे.

परंतु या प्रगतीचाच दुसरा अर्थ पाहा. नवे संडास बांधले गेले, तेव्हा त्यांतील पुष्कळांखाली टाक्या बांधल्या गेल्या. प्रत्येक टाकी काही वर्षांनी भरते. ती कोण उपसणार, याचा विचार बांधणाऱ्याने केला नाही. टाकी बंद असते. आत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असल्याने तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखी घाण येते; पण जास्त असला तर वास घेण्याची शक्तीच मरते आणि उतरणाऱ्यास वाटते की, हवा निवळली. मग दोन-चार श्वासांत मनुष्य कोसळतो. त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, भावाला काढण्यासाठी सोबती उतरतो. एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार प्रेते सापडतात ती यामुळे. तोंडाला फडके बांधल्याने हा वायू अडत नाही, हे घरोघरी सांगा.

सरकारने स्वतः करविलेल्या सामाजिक लेखापरीक्षणाचे निष्कर्ष २०२५ साली संसदेपुढे आले. आठ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सतरा जिल्ह्यांत २०२२ व २०२३ या वर्षी झालेले ५४ मृत्यू त्यात तपासले होते. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. उरलेल्या पाचांतील बहुतेकांकडे केवळ हातमोजे होते. सत्तावीस प्रकरणांत कामगाराची संमतीही घेतलेली नव्हती. अठरा प्रकरणांत लेखी संमती घेतली होती, पण धोका काय आहे हे सांगितलेले नव्हते. ज्याला मरणाची जाणीव दिली नाही त्याची सही घेऊन ठेविली! बंधूंनो, ज्या कामास कायद्याची बंदी आहे त्या कामासाठी दिलेली संमती कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. असा कागद कोणी तुमच्यापुढे ठेविला तर त्यावर सही करू नका. आणि कोणी अजाणतेपणी केली असेल तर त्यामुळे त्याच्या कुटुंबाचा हक्क बुडाला असे मानू नका.

तीन सबबी

जाब विचारला की तीन सबबी पुढे येतात. त्यांचा समाचार घेऊ.

पहिली सबब: ‘कामगार ठेकेदाराचा होता, आमचा नव्हता.’ कायद्याच्या सातव्या कलमात ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. मनुष्य स्वतः उतरवा किंवा ठेकेदाराच्या हाताने उतरवा, बंदी सारखीच आहे. नगरपालिकेने काम ठेक्याने दिले म्हणून पाप ठेक्याने देता येत नाही.

दुसरी सबब: ‘टाकी खाजगी होती, सरकारचा संबंध काय?’ याचे उत्तर आपल्या मुंबईतच मिळाले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथील एका गृहसंस्थेच्या टाकीत तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, प्रत्येकीस दहा लाख रुपये द्यावेत आणि ती रक्कम जबाबदार इसमांकडून सरकारने वसूल करून घ्यावी. विधवेने ठेकेदाराच्या दारात हेलपाटे घालावयाचे नाहीत. प्रथम सरकारने द्यावयाचे, मग सरकारने त्याच्या मागे लागावयाचे. तीन गरीब स्त्रियांनी जे मिळविले ते पुष्कळ पुढाऱ्यांच्या मोर्चांनी मिळाले नाही.

तिसरी सबब: ‘गल्ल्या अरुंद आहेत, यंत्र आत जात नाही.’ मान्य. मग अरुंद गल्लीत जाणारे लहान यंत्र घ्या, लांब नळ्या घ्या, टाकीचे तोंड बाहेरून उपसता येईल असे बांधण्याची सक्ती करा. आधुनिक साधने वापरून माणसाचा हात मैल्यापासून दूर ठेवणे हे कायद्याच्या ३३ व्या कलमाने नगरपालिकेचे कर्तव्य ठरविले आहे. गल्ली अरुंद आहे ही अडचण स्थापत्यशास्त्राची आहे. त्या अडचणीवर तोडगा म्हणून माणूस, आणि तोही ठरावीक जातींचा माणूस उतरविणे, हा जातीचा तोडगा आहे.

पैशाचा हिशेब

पुढील योजनांचे चित्र सरकारने ‘नमस्ते’ या नावाने रंगविले. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी सुमारे ३५० कोटी रुपयांची तरतूद झाली. गटारातील मृत्यू शून्यावर आणावयाचे, कामगारांची नोंद करावयाची, संरक्षक साधने व आरोग्य विम्याची पत्रे द्यावयाची, यंत्रांसाठी अनुदान द्यावयाचे, असे तिचे उद्देश. उद्देशांशी माझे भांडण नाही. मी फक्त भागाकार करतो. ७६६ जिल्ह्यांनी ३५० कोटींना भागले, तर तीन वर्षांत एका जिल्ह्याच्या वाट्यास पंचेचाळीस लाखांच्या आसपास येतात; म्हणजे वर्षास सुमारे पंधरा लाख. यंत्रांसाठी स्वच्छ भारत अभियानातूनही पैसा मिळतो, हे मी सोडलेले नाही. तरीही तुलना करा. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. म्हणजे माणूस मरू नये म्हणून या योजनेत एका जिल्ह्यास वर्षाला जेवढे मिळते, त्याच्या दुप्पट रक्कम एक माणूस मेला असता द्यावी लागते. मरण महाग आणि रक्षण स्वस्त. तरीही जे सरकार रक्षणावर हात आखडते घेते, त्याने ही भरपाई कोणी मागणारच नाही असा हिशेब केलेला असला पाहिजे.

तो हिशेब चुकविणे आपल्या हाती आहे. न्यायालयांनी वाट मोकळी केली आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख देण्याचा आदेश दिला. २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख झाली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. २९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर व हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटार साफ करण्यास न्यायालयाने मनाई केली. जे २०१३ च्या कायद्याने आधीच निषिद्ध होते, त्यास पुन्हा न्यायालयाची मनाई लागावी, हाच सरकारच्या प्रगतीवरचा सर्वांत कठोर शेरा आहे.

वारशाने मिळणारा खराटा

आता आपल्याच घरातील एक नाजूक गोष्ट बोलतो. महाराष्ट्रात लाड व पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसास नोकरी देण्याची पद्धत आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे नियम एकत्र करण्यात आले. त्या नोकरीवर ज्यांची चूल पेटते त्यांस मी बोल लावणार नाही. कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि डोक्यावर छप्पर यांची किंमत ज्यांनी उपास काढले त्यांनाच ठाऊक. तो हक्क सोडा, असे सांगणारा मी कोण?

परंतु सरकारला विचारणे माझा अधिकार आहे. इतर खात्यांत आम्हाला वशिला नाही, गुणवत्ता दाखवा असे सांगणारे हे सरकार, खराट्याच्या बाबतीतच आमचा वंशवृक्ष इतक्या अगत्याने का तपासते? बाप गटारात गेला तर मुलाला त्याचाच खराटा देणे हे पुनर्वसन नव्हे. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी मनुष्यास आपला धंदा स्वतःच्या कुवतीप्रमाणे निवडता आला पाहिजे हा विचार मांडला, त्याच्या बरोबर उलट हे आहे. २०१३ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्या पुनर्वसनाची यादी दिलेली आहे: ओळखपत्र, रोख मदत, मुलांस शिष्यवृत्ती, घरासाठी जागा व अर्थसाहाय्य, कुटुंबातील एका प्रौढास दुसऱ्या धंद्याचे शिक्षण आणि त्या काळात महिन्यास किमान तीन हजार रुपये विद्यावेतन, आणि सवलतीचे कर्ज. चाळीस हजार देऊन बाकीच्या यादीवर बोळा फिरविता येत नाही. वारसाची नोकरी घ्या; पण मुलगा शिकलेला असेल तर त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मागा, आणि मुलगी शाळेत असेल तर तिची शिष्यवृत्ती मागा. खराट्यावर थांबू नका.

काय करावे

धर्मांतरामुळे हक्क जातो, अशी भीती पुष्कळ कुटुंबांच्या मनात अजून आहे. ती निराधार नव्हती. १९५६ नंतर केंद्राच्या सवलती आपल्या समाजास नाकारल्या गेल्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस तो दर्जा मिळाला. चौतीस वर्षे! आज मात्र ती भीती बाळगण्याचे कारण नाही. शिवाय २०१३ चा कायदा तुमचा धर्म विचारीत नाही, जातही विचारीत नाही. तुमच्याकडून काम कोणते करून घेतले एवढेच विचारतो. आणि मेलेला वा राबविला गेलेला मनुष्य अनुसूचित जातीचा असेल, मग तो बौद्ध असो वा हिंदू, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्याच्या पाठीशी आहे; २०१५ च्या दुरुस्तीने हाताने मैला उचलावयास लावणे हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात चार शिकलेल्या तरुणांनी एवढी कामे अंगावर घ्यावीत.

जो कोणी हे काम करीत असेल त्याने शहरात मुख्याधिकारी वा आयुक्त यांच्याकडे, खेड्यात पंचायतीकडे, आपली नोंद व्हावी असा लेखी अर्ज द्यावा. पाहणी चालू नसली तरी असा अर्ज देता येतो आणि पंधरा दिवसांत चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नका.

कोठे मृत्यू झालाच, तर पोलीस ठाण्यात केवळ ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होऊ देऊ नका. २०१३ च्या कायद्याची कलमे फिर्यादीत लिहून घ्या. मृताला कामावर कोणी बोलाविले, पैसे कोण देणार होते, साधने दिली होती काय, हे पंचनाम्यात आले पाहिजे. त्यानंतर भरपाईचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा, आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाचा उल्लेख करा.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि सरकारला सर्वांत कठीण जाणारे आहे. तुमच्या जिल्ह्याने ‘निरंक’ कळविले असेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या मुद्रांकावर विचारा: हा अहवाल कोणत्या तारखेस गेला? सही कोणाची आहे? त्यापूर्वी पाहणी कोणी, कोणत्या वस्तीत केली? जिल्हा दक्षता समितीच्या बैठका कधी झाल्या? तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. ज्या जिल्ह्यात ‘निरंक’ कळविल्यानंतर मृत्यू झाला असेल, तेथे सही करणाऱ्याचे नाव आणि मृताचे नाव एकाच कागदावर आणा.

सरकारचे कोणतेही वचन यापुढे तीन प्रश्नांनी तपासा. जबाबदार अधिकारी कोण? तारीख कोणती? तारीख चुकली तर त्याला काय होणार? या तीन प्रश्नांचे उत्तर ज्या वचनात नाही, ते वचन नव्हे, ती घोषणा. पंचाहत्तर वर्षे आम्हाला घोषणा मिळाल्या. समित्यांची नावे झाली, मृतांची नावे मात्र झाली नाहीत. आता नावे आपण लिहू, आणि ‘निरंक’ हा शब्द जेथे जेथे आढळेल तेथे तेथे खोडून त्या जागी माणसांची संख्या लिहावयास सरकारला भाग पाडू.

जय भीम!